काट मारलेली गोळी

"सूचना वाचता येत नाहीत का हो तुम्हाला?" नर्सने दादाला विचारलं, आणि ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मापासून ज्याला दिसत नाही अशा माणसाला, त्याच्या पांढऱ्या काठीकडे बघत, वाचता येत नाही का म्हणून विचारायचं! बरं, विचारून ती थांबली असती तर गोष्ट वेगळी. तिने फॉर्मवर खरडलंसुद्धा: 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. शस्त्रक्रिया रद्द.'

दादा सकाळपासून उपाशी, हॉस्पिटलचा झगा घालून खाटेवर बसला होता. शेवटची गोळी कधी घेतली, असं नर्सने विचारलं, तर म्हणाला, काल रात्री, रोजच्यासारखी. ती रक्त पातळ करणारी गोळी. ती पाच दिवस आधी बंद करायची असते, नाहीतर मानेवर चाकू चालवताना रक्त थांबत नाही.

"पण यादीत होती ती," दादा शांतपणे म्हणाला. "चालू ठेवायच्या औषधांच्या यादीत. मी तीनदा ऐकली."

"सगळेच असं म्हणतात," नर्स म्हणाली. "आता ऑपरेशनच्या यादीत शेवटी नंबर. चार महिने धरून चाला."

चार महिने! दादा पियानो जुळवून द्यायचं काम करायचा. मानेतली नस दबून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती, आणि दोन महिन्यांच्या वर गेलं तर ती परत येतील याची खात्री नाही, असं सर्जनबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. डोळे नसलेल्या माणसाची बोटं काढून घ्यायची आणि वर त्यालाच शिक्षा! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

"आण तो फोन," ठकू म्हणाली. दादाने हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचं सूचनांचं पान लावलं. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली बाई एका सुरात वाचत गेली: शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू ठेवावीत अशी औषधे. एक, रक्तदाबाची गोळी. दोन, थायरॉइडची गोळी. तीन, रक्त पातळ करणारी गोळी. चार...

ठकूचा हात तोंडावर गेला.

कारण ते पान ठकूनेच केलं होतं. याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मशीनला पाठ लावून ती नऊ वर्षं वेबसाइटची पानं करत होती. शब्दाच्या आधी एक टॅग, शब्दाच्या नंतर एक टॅग. 'बी' लावला की अक्षर ठळक, 'आय' लावला की तिरकं, आणि 'एस' लावला की मधून आडवी रेघ. त्या रेघेवर तिच्या साहेबांचा भारी जीव. ऑफिसात त्यांना रेघोजी म्हणत. जुन्या फायलींमधला माणूस. कागदावरचं काही खोडायचं नाही, रबर लावायचं नाही, फक्त रेघ मारायची, म्हणजे आधी काय होतं ते कायम दिसतं, हा त्यांचा धर्म. कागद गेले, स्क्रीन आले, पण धर्म बुडाला नाही. दोन महिन्यांपूर्वी सर्जनबाईंनी ती गोळी यादीतून काढायला सांगितली, तेव्हा रेघोजी म्हणाले, "काढू नका, काट मारा." ठकूने एस लावला. पाच सेकंदांचं काम. पानावर रेघ लख्ख दिसत होती. फोनमधल्या बाईला मात्र रेघ दिसली तरी ती सांगत नाही. ती फक्त शब्द वाचते.

ठकू तरातरा तिसऱ्या मजल्यावर गेली. लिफ्टची वाट बघायचाही धीर नव्हता.

"साहेब, फॉर्मवर लिहून द्या की पान चुकलं होतं. माझ्या भावाची तारीख परत मिळेल."

"पान कुठे चुकलंय?" रेघोजींनी चष्मा वर केला. "रेघ आहे की. ज्याला दिसत नाही त्याने कुणाकडून तरी वाचून घ्यावं."

"घरात मी आहे ना वाचून द्यायला! मीच त्याला म्हटलं, पान ऐक, सगळं आहे त्यात!"

"मग तर तुमच्याच घरातली चूक झाली," साहेब म्हणाले आणि हसले. हसले! ठकूला वाटलं, टेबलावरची फूटपट्टी उचलावी आणि मोडून त्यांच्या हातात द्यावी. त्याऐवजी तिने त्यांच्याच कॉम्प्युटरवर तो एस काढला, ती आख्खी ओळ काढली, आणि रेघोजी "अहो, रेकॉर्ड!" म्हणून ओरडत असताना खाली उतरली.

सर्जनबाई दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पीत उभ्या होत्या. दादाच्या फोनवर जुनं पान उघडंच होतं. ठकूने तो पालथा धरला, स्क्रीन कुणालाच दिसू नये म्हणून.

"डोळे मिटून ऐका आणि सांगा, गोळी घ्यायची की नाही."

सर्जनबाईंनी खरोखर डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला त्यांनी कप खाली ठेवला.

"पुढच्या बुधवारी घेते," त्या म्हणाल्या. "पण रुग्णाचा दोष खोडायचा तर कारण बदलावं लागेल. हा रकाना रिकामा राहत नाही. कुणाची चूक लिहू?"

साहेबांचं नाव ठकूच्या जिभेवर आलं होतं. रेघेचा धर्म त्यांचा, हुकूम त्यांचा, आणि ते मघाचं हसणंही त्यांचं. पण टॅग लावणारा हात तिचा होता. "माझी लिहा," ती म्हणाली. "वेबसाइट विभाग, आणि खाली माझं नाव." नोकरीवर गंडांतर येईल हे तिला कळत होतं, त्याचा राग नंतर काढता आला असता.

ती खाटेपाशी परतली तेव्हा दादा झगा काढून शर्टाची बटणं लावत होता, डाव्या हाताने, एकेक चाचपत.

"बुधवार मिळाला," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं, साहेबांना चार शिव्या घालत, नर्सला दोन, आणि शेवटी आवाज खाली आणून, रेघ कुणी मारली तेही.

लहानपणापासून दोघं एका घरात राहिलेली. खुर्ची वीतभर सरकली तरी ठकू ओरडून सांगायची त्याला.

"ठकू," तो म्हणाला, "ती रेघ मारताना तुला एकदा तरी वाटलं, की हे मी कसं ऐकणार?"

साहेबांवर, नर्सवर, अख्ख्या हॉस्पिटलवर सकाळपासून तोंड सोडलेल्या ठकूला आता एकच शब्द सापडला.

"नाही."

दादाने मान हलवली आणि शेवटच्या बटणाचं काज शोधू लागला. ठकूने मदतीला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "राहू दे. मी लावतो."