रोटाचा गॅस

सोमवारी सकाळी साडेसातला तामखेड्याच्या सामुदायिक गोबर गॅसमध्ये कानबाईच्या रोटाचं खरकटं पडलं.

टाकलं ते द्रौपदाबाईनं. आदल्या दिवशी, रविवारी, पाटलांच्या कुळाची कानबाई देवी बसली होती. रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, कुळातल्यांनीच खायचा, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही, आणि उरलेलं, ताटं धुतलेल्या पाण्यासकट, अंगणातल्या खड्ड्यात पुरायचं. खड्डा दर श्रावणात एकाच जागी असायचा. या उन्हाळ्यात तिथे शेण कालवायची कुंडी बांधली गेली. द्रौपदाबाई पातेलं घेऊन निघाली, नेहमीच्या जागी गेली आणि ओतून मोकळी झाली.

"हात आपोआप गया वं माय," ती म्हणाली. तोवर खरकटं टाकीत पोचलं होतं.

तिचा दीर निंबा नाना कुळातला वडीलधारा आणि गॅस समितीचा अध्यक्ष. त्यानं कुंडीत वाकून पाहिलं, मग कुळाबाहेरच्या घरांकडे जाणारा कॉक बंद केला आणि त्याचा दांडा काढून खिशात घातला.

यशोदाबाईच्या शेगडीवर तेव्हा भाकर होती. ज्योत निळ्याची पिवळी झाली आणि विझली. तिचं घर बौद्धवाड्याच्या तोंडाशी, नळीच्या शेवटाला. पारोळ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून तिला बजावलं होतं, धुरात बसशील तर पुढचा पावसाळा अवघड. उन्हाळ्यात शेगडी आली आणि खोकला निम्म्यावर आला. अर्धी कच्ची भाकर तव्यावर ठेवून ती निंबा नानाच्या ओट्यापाशी गेली.

"नाना, गॅस काब्र बंद कया?"

"टाकीमा रोट शे. रोट कुळनं बाहेर देता येस नही."

"मी रोट नही मांगी राहिनू. गॅस मांगी राहिनू."

"त्याच रोटना गॅस व्हई ना! उद्या देवी कोपनी ते कोन जबाबदार? तू?"

"अन् मना म्हशीस्नं शेन? तेबी त्याच टाकीमा शे. तुमना रोटमा मियनं. ते चाली गयं?"

"शेन ते शेन. शेनले कुळ ऱ्हास का?"

"मंग गॅसले कठून उनं?"

ओट्यावर कोणीतरी हसलं. निंबा नानानं खिशावर हात ठेवला.

"रोट सरी जाऊ दे," तो म्हणाला. "मंग दांडा लावसू."

बुधवारी आमदार अभिमन आण्णा आले. धुराचं त्यांना वावडं होतं. विधानसभेत त्यांनी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर प्रश्न विचारला होता, म्हणून तामखेड्याची भट्टी गावाच्या मावळतीकडून उगवतीकडे हलली. आता धूर उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात येत होता. गोबर गॅसही त्यांनीच मंजूर करून आणला, आणि नळी बौद्धवाड्यापर्यंत न्यायचीच, असा हट्ट धरला. निंबा नानानं तेव्हा मान डोलावली होती. नुसत्या कुळाच्या शेणावर टाकी भरत नव्हती. शुक्रवारी मुंबईहून राज्यमंत्री ही टाकी पाहायला येणार होते.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाना, टाकी उपसी टाकसूत."

"उपसा. नवा गॅस येवाले महिना लागस. शुक्रवारे मंत्रीले काय दखाडशात?"

तेवढ्यात द्रौपदाबाई चहा घेऊन आली. अर्ध्या ओट्यावर येऊन थांबली.

"नाना, हाऊ चहा गॅसवरना शे."

"मंग?"

"आण्णा आपला कुळना नहीत."

निंबा नानानं आमदारांकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि कप स्वतः घेतला.

"आण्णा, राग मानू नका. देवीनं काम शे."

आमदारांचा चहा शेवटी यशोदाबाईच्या चुलीवर झाला. श्रावणातल्या ओल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, पेटता पेटेनात. ती फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. आण्णा पाटावर बसून रुमालानं डोळे पुसत होते.

"तिकडे सरका, आण्णा. तठे धूर कमी शे."

"अक्का, मी देखस काय करता येस ते."

"देखा. पण आठे बसीसन डोयामाईन पानीच दिखस."

आण्णांनी चहा संपवला. जाताना निंबा नानाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. जीप गेली. दांडा खिशातच राहिला.

रोट लवकर सरावा म्हणून कुळातल्या घरांनी शेगड्या सकाळपासून पेटत्या ठेवल्या. अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, सगळं गॅसवर. एका घरात तर नुसतंच पातेलं उकळत होतं. इकडे यशोदाबाईनं सोमवारपासून शेण दिलं नव्हतं. बाकीच्या बाहेरच्या घरांनीही ते न सांगता बंद केलं. टाकीवरची, गॅस साठला की वर उचलली जाणारी लोखंडी टोपी रोज खाली बसत गेली.

शुक्रवारी सकाळी नऊला ती तळाला टेकली. द्रौपदाबाईनं काडी ओढली, शेगडी सुसकारली आणि गप्प झाली.

"रोट सरना," ती म्हणाली.

निंबा नाना रिकामं टोपलं घेऊन यशोदाबाईच्या दारात आला. दाराशी चार दिवसांच्या शेणाचा ढीग होता. ती गोवऱ्या थापत होती.

"यशोदा, शेन दे. मंत्री ई राह्यनात."

"आज टाकेल शेनना गॅस आज निंघस का, नाना?"

"नही निंघस. पण कुंडी ते भरेल दिखी."

"आधी दांडा लावा."

"लावसू ना. मंत्री जाऊ देत."

"आधी."

तिनं पुढची गोवरी भिंतीवर थापली. खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत भिंतीला धरून राहिली. निंबा नाना उभाच होता, टोपलं काखेत, हात खिशात.

दहाला पोलीस पाटलानं सांगितलं, गाड्या पारोळ्याहून निघाल्या. नानाचा हात अजून खिशातच होता.