एक्केचाळीस ते एक्कावन्न

माणूस काय सांगतो यापेक्षा काय लपवतो याकडे माझं लक्ष आधी जातं. घरचे याला खोड म्हणतात. ऑफिसात मात्र याच खोडीचं कौतुक होतं, म्हणून ती वाढतच गेली.

आमची कंपनी अकोल्याची, सहा माणसांची. अमरावतीच्या एका खासगी भाजी बाजारासाठी आम्ही नंबरचं ॲप चालवतो. शेतकरी आदल्या दिवशी फोनवर नंबर काढतो आणि सकाळी त्याच क्रमाने लिलाव होतो. मेथी किंवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, आधी पुकारली गेली तर भाव मिळतो, उशीर झाला की माल उन्हात माना टाकतो. त्यामुळे नंबर इकडचा तिकडे झाला तर लोक अंगावर येतात.

हे नंबर क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या मशीनच्या मेमरीत असतात, म्हणून झटपट निघतात. अशा तीन मशीनचं मिळून एक क्लस्टर. मागच्या मंगळवारी आम्हाला जुनं क्लस्टर सोडून नव्यावर जायचं होतं. जुन्याचा बॅकअप काढायचा, तो नव्यावर उतरवायचा आणि ॲप तिकडे वळवायचं. पथ्य एकच, बॅकअपच्या आधी बुकिंग बंद करायचं आणि ॲप वळवल्यावरच उघडायचं. मधे कोणी नंबर काढला तर तो जुन्यावरच राहतो, नव्याला त्याचा पत्ता नसतो आणि ते तोच नंबर दुसऱ्याला देऊन टाकतं. बुकिंग बंद करायचं काम विपुलचं होतं. विपुल चांदूर रेल्वेचा पोरगा, दोन वर्षांपूर्वी आला, काम मीच शिकवलेलं. दुपारी दोनला सुरुवात केली आणि अडीचच्या आत सगळं उरकलं.

बुधवारी सकाळी बाजारातून फोन आला. एक्केचाळीस नंबर घेऊन दोन माणसं एकमेकांसमोर उभी होती. बेचाळीसलाही दोघं, तसं थेट एक्कावन्नपर्यंत. त्यातले अकरा जण नव्या यादीत नव्हतेच. अकराही नांदगाव खंडेश्वरकडचे, माझ्या माहेरच्या शिवारातले. बाजारवाल्यांनी नव्या यादीप्रमाणे लिलाव केला आणि आमच्या लोकांचा माल दुपारपर्यंत पडून राहिला. आणि नव्या यादीतला एक्केचाळीस कोण? उत्तमराव, विपुलचा सख्खा मामा.

मला आणखी काय हवं होतं? विपुलला विचारलं तर तो म्हणाला, दोनला पाच कमी असताना बुकिंग बंद केलं. खाली बघून म्हणाला. मग इतके नंबर निघाले कसे, म्हटलं, तर गप्प. चोराची जात अशीच गप्प बसते, असं मी मनात ठरवून टाकलं आणि तडक संघपाल सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमचे मालक. त्यांना सांगितलं, मामाला पुढे घ्यायला यानं बुकिंग उशिरा बंद केलं, म्हणजे मधले अकरा जण गळाले. सरांनी संध्याकाळपर्यंत हिशोब करून त्याला कामावरून मोकळं करायचं ठरवलं. अकोल्यात या धंद्यातली माणसं मोजकी. चोरीचा शिक्का बसला की इथे दार उघडत नाही, आणि आजारी आईला सोडून विपुल पुण्याला जाऊ शकत नव्हता. हे मला माहीत होतं. तरी मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

सहा वाजता जुनं क्लस्टर मीच पुसणार होते. त्याआधी विपुलविरुद्ध पुरावा काढून ठेवावा म्हणून चारला ते उघडलं. बुकिंग एक पंचावन्नला बंद झालेलं होतं, तो म्हणाला तसंच. अकरा नंबर दोन ते दोन बाराच्या दरम्यान निघालेले. बुकिंग बंद असताना फक्त ॲडमिनला नंबर काढता येतो, तपासणीसाठी. ती सोय माझ्याच लॉगिनला होती. आणि अकराच्या अकरा नंबरांपुढे लॉगिन होतं वर्षाली, म्हणजे मी.

पासवर्डही चोरला मेल्यानं, हाच पहिला विचार आला. मग नंबर कोणत्या फोनवरून निघाले, ते मॉडेल बघितलं. तो माझा जुना फोन होता. दिवाळीला मी तो आईला दिला होता, ॲपमधून बाहेर न पडता, कारण तिला लॉगिन जमत नाही आणि बाबांचा नंबर रोज तीच काढते.

आईला फोन लावला. ती वांगी तोडत होती.

"समद्यायच्या फोनात बंद दाखवे," ती म्हणाली. "तुह्या फोनात चाले. मंग गल्लीतल्या बाया आल्या, त्यायले मीच काढून देल्ले. काहून, काई चुकलं का वं?"

काही नाही, म्हटलं आणि फोन ठेवला. दोन तास थांबून बटण दाबलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला. मग मी उठले.

केबिनमध्ये विपुल सरांसमोर बसला होता, पुढ्यात राजीनाम्याचा कागद. मी दोघांना सगळं सांगितलं, आईसकट. सरांनी विपुलला विचारलं की जुनं क्लस्टर उघडून तूच का नाही दाखवलंस?

"सकाळीच पायलं होतं सर," तो म्हणाला. "ताईचं नाव दिसलं. मले वाटलं, ताईनं गाववाल्यायसाठी मुद्दाम केलं असन."

"मग बोलला काहून नाहीस?" सरांनी विचारलं.

"काम ताईनंच शिकोलं मले. कसं सांगू?"

मला तिथे उभं राहवेना. मीही लबाड निघू शकते, असं त्यालाही वाटलं होतं, आणि तेही मला लागलं. पण नोकरी जात असतानासुद्धा त्यानं ते कोणाजवळ काढलं नाही. मी मात्र अकरा वाजायच्या आत त्याला चोर ठरवून, वर चहा पिऊन मोकळी झाले होते.