मी ऐकलेलं 'नाय'

उंदरांनी कुरतडलेला भाता. हळदीने पिवळं झालेलं बोट. भाकरीचा एक तुकडा. एकच शब्द: 'नाय'.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे, पण कुठून सांगायला घ्यावं तेच कळत नाही. मी एक जुनी बाजाची पेटी आहे. महाडच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या मालकीची; तिथल्या उपासनेत दर रविवारी मी गात असे. मला वाजवायचा सहदेव. तो औद्योगिक वसाहतीत कामाला होता. बाप्तिस्मा घेऊन त्याला दोन वर्षं झाली होती, पण गावी ते सांगितलेलं नव्हतं.

१९८३ साली पुतणीच्या लग्नाला तो मला पोलादपूरजवळच्या त्याच्या वाडीवर घेऊन गेला. हळदीच्या वेळी थोरल्या भावाने, सोनबाने, सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, तू त्या येशूवाल्यांत गेलास म्हणं?"

"आता हळद तरी चालंल का याला?" कुणीतरी हसलं.

"नाय रे दादा! मी त्यांच्यातला नाय. पेटी वाजवाय जातो फक्त."

हे बोलताना त्याने हळदीने पिवळं झालेलं बोट पट्टीवर ठेवून भाता दाबला आणि माझ्यातून सूर निघाला. मग ते खोटं एकट्या त्याचं, की माझंही? अजून उमगलेलं नाही.

त्यानंतर चार महिने तो मंडळीकडे फिरकला नाही. त्याच्या खोलीच्या ओल्या कोपऱ्यात मी गंजले, उंदरांनी माझ्या भात्याची कड कुरतडली. माझी एक पट्टी मुकी झाली.

मग एका रविवारी तो मला परत द्यायला आला. "घ्या गीताबाय. मी तुमच्यातला नाय, असं मी सगळ्यांम्होरं बोललो."

गीताबाई निवृत्त नर्स, मंडळीतल्या वडीलधाऱ्या. त्या म्हणाल्या, "किती वेळा?"

"एकदा."

"प्रभूला धरून नेलं तेव्हा त्याच्या शिष्यानं 'मी याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं होतं, तरी प्रभूनं त्याला परत घेतलं. तू एकातच दमलास होय? बस."

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या माणसांनी त्याच्या आठवणीत एक भाकरी वाटून खायची. भाकरीचं ताट हातोहात फिरत आलं. सहदेवने काहीच न घेता ते पुढे केलं. शेजारी गीताबाई बसल्या होत्या. त्यांनी ते धरलंच नाही.

"ताट अडलंय, सहदेव."

सगळे थांबले. शेवटी त्याने तुकडा उचलला.

मग तो मला वाजवायला बसला. मुक्या पट्टीची जागा आली की तेवढा सूर मंडळी स्वतःच गायची. कुणी ठरवलं होतं हे? मला दुरुस्त न करताच मला कसं घेतलं?

मित्रांनो, पेटी ओलीत ठेवू नका. आणि मान खाली घालून कुणी परत आला, तर त्याला दारात उभा ठेवू नका.

लग्नाला जाताना सहदेवने मला एसटीच्या टपावर ठेवू दिलं नव्हतं. पोलादपूरपर्यंत मी त्याच्या मांडीवर होते.