पाठीवरचे डाग

मी एक जुना नेचा आहे. मित्रांनो, माझे पान उलटून बघू नका, असे मी तुम्हाला कालपरवापर्यंत हात जोडून सांगितले असते. वरून मी हिरवागार दिसतो, पण माझ्या पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके आहेत. त्यांच्यापायी माझे निम्मे आयुष्य मान खाली घालण्यात गेले. आज ती पाठ मी तुमच्यापुढे आपणहून करतो आहे. लाज पुरती गेली आहे म्हणून नव्हे. ती अजून आहेच.

नेचा हे माझे नाव फक्त शाळेच्या पुस्तकात राहिले आहे. बाहेर मला सगळे फर्न म्हणतात. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, हिरव्या जाळीच्या सावलीत माझे बालपण गेले. माझ्यासारखी पुष्कळ रोपे शेजारी होती, पण आई मी कधी पाहिली नाही. पलीकडच्या ओळीत फुलझाडे होती आणि लोक आधी तिकडेच धावत. एखादे गिऱ्हाईक चुकून माझ्यापाशी थांबले की विचारी, "याला फुलं कधी येतात?"

"याला फुलं येत नाहीत," रोपवाला सांगे.

"मग फळं?"

"तीही नाहीत."

"मग करतं काय हे?"

"हिरवं राहतं," रोपवाला म्हणे, आणि गिऱ्हाईक हसून पुढे जाई. हिरवे राहणे हे काही काम आहे, असे मलाही वाटत नसे. लाजेशी माझी पहिली ओळख तिथे झाली.

शेवटी एका बाईंनी मला उचलले. त्यांची लाँड्री होती. "आमच्याकडे दिवसभर वाफ असते हो, टिकेल का हे?" त्यांनी काळजीने विचारले.

"वाफ? मग तर हे माहेरी चाललं म्हणा," रोपवाला म्हणाला.

लाँड्री म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे कपडे द्यायघ्यायचे टेबल आणि इस्त्रीची जागा, मधे कपडे उकळायची भट्टी, आणि सर्वांत मागे विटांच्या भिंतीची ओली मोरी. बाईंचे यजमान तिथले मालक. त्यांना सगळे डागमास्तर म्हणत. चहा, शाई, तेल, गंज, कसलाही डाग असो, मास्तर कापड नाकाशी नेत, उजेडात धरत आणि म्हणत, "निघेल." आणि तो निघायचाच. त्यांच्या खांद्यावर एक पांढराशुभ्र नॅपकिन असे. गिऱ्हाइकाने काही न विचारता तो बघावा आणि समजून जावे, अशी त्यांची इच्छा असे.

बाईंना सुरुवातीला माझे काही कळत नव्हते. मी चारचौघांना दिसावा म्हणून त्यांनी मला पुढच्या खिडकीत ठेवले. दुपारच्या उन्हात माझ्या पानांच्या कडा करपल्या. मग त्यांना माझी दया आली आणि त्या सकाळ-संध्याकाळ पाणी ओतू लागल्या. कुंडीला भोक नव्हते, त्यामुळे माझी मुळे कुजायला लागली. मित्रांनो, मायेनेही झाड मरते, हे मी तेव्हा शिकलो. पण बाई शहाण्या होत्या. त्यांनी मला काथ्याच्या टोपलीत हलवले, तळाशी विटांचे तुकडे घातले आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ लोखंडी साखळीने टांगले. तिथे उजेड होता, ऊन नव्हते. रोज त्या मातीत बोट खुपसून बघत, आणि वरची माती सुकली असेल तरच पाणी घालत. उकाड्याच्या कोरड्या दिवसांत इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली त्या माझ्यावरही फवारीत.

"अगं, बाटली कपड्यांची आहे, पाल्याची नाही," मास्तर कुरकुरत. पण बाई बाजारात गेल्या की इकडेतिकडे बघून तेच हळूच मला एक फवारा मारीत.

मी असा काही फोफावलो की विचारू नका. माझी पाने गिऱ्हाइकांच्या डोक्याला लागू लागली. "मास्तर, झाड मात्र झकास हं!" असे कोणी म्हटले की मास्तरांची छाती फुगे, जसे काही मलाही तेच रोज खळ घालून इस्त्री करत होते. फुले न येणाऱ्या माझ्यासारख्याला आणखी काय हवे होते?

आणि मग ते ठिपके आले. माझी पाने जून झाली तसे त्यांच्या पाठीवर बारीक तपकिरी ठिपके ओळीने उमटले. ते पहिल्यांदा पाहिले एका वकीलसाहेबांनी. ते टेबलाशी आपला कोट घेऊन उभे होते आणि माझे एक पान त्यांच्या नाकापुढे लोंबत होते. त्यांनी ते उलटले आणि भर दुकानात म्हणाले, "मास्तर, आधी या झाडाचे डाग काढा, मग माझ्या कोटाला हात लावा!"

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

दुकान रिकामे होताच मास्तरांनी मला खाली उतरवले, पान उजेडात धरले आणि नाकाशी नेले. "गंज आहे," ते म्हणाले. "साखळीचा गंज उतरलाय." आणि गंजाच्या डागावर जे करतात, ते त्यांनी केले. लिंबू आणि मीठ घेऊन ते एकेक पान चोळू लागले.

बाई धावत आल्या. "अहो, झाड आहे ते, शर्टाची कॉलर नाही!"

"डाग तो डाग," मास्तर म्हणाले.

बाईंनी मला त्यांच्या हातातून ओढून घेतले आणि स्वच्छ पाण्याखाली धरून मीठ धुऊन काढले, म्हणून मी वाचलो. चोळलेली पाने सुकून गळाली. मास्तरांनी साखळी फेकून नायलॉनची दोरी बांधली. पुढे मला नवी पाने फुटली आणि त्यांच्या पाठी अगदी स्वच्छ होत्या. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. जो येईल त्याला ते पान उलटून दाखवीत, "बघा, साखळीचाच गंज होता."

नवी पाने जून झाली आणि ठिपके पुन्हा ओळीने हजर झाले.

आता मास्तर चिडले. रेशमी काठ साफ करायचा मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन ते दर सुट्टीच्या दिवशी माझ्यापुढे बसत. ठिपके खरवडले जात आणि पुन्हा येत. ज्यांचे निघत नसत त्या पानांना कात्री लागे. ब्रशने पाठ सोलवटून निघे, पण मी ते सोसत असे, कारण मलाही ते ठिपके नको होते. निघू दे एकदाचे, असे मीच मनात म्हणत होतो. तुम्ही म्हणाल, तुझे तुलाच ठाऊक नव्हते का? नव्हते, मित्रांनो. आईची पाठ मी पाहिली असती तर कळले असते. ज्याला त्याला माझ्यात डाग दिसत होता, म्हणून मलाही डागच दिसला.

वकीलसाहेब दर खेपेला विचारीत, "निघाला का हो डाग?" शेवटी मास्तरांनी मला मागे मोरीत नेले आणि भिंतीला लागून टांगले. तिथे गिऱ्हाईक येत नसे. माझी मागची पाने विटांना टेकली होती. तिकडे मास्तरांचा ब्रश पोचत नसे, आणि नजरेआड झालेल्या पानांचा त्यांना पुढे विसरही पडला. बाई मात्र रोज यायच्या. मातीत बोट घालायच्या आणि म्हणायच्या, "रुसू नको रे." मी रुसलो नव्हतो. मला कोणाला तोंड दाखवायचे नव्हते, एवढेच.

भिंतीवर काही दिवसांनी हिरवे, चपटे, नखाएवढे तुकडे दिसू लागले. बाईंना ते शेवाळ वाटले. "सवड झाली की घासते," त्या म्हणाल्या, आणि कंबर दुखत होती म्हणून ते काम लांबणीवर पडत गेले. त्या कंबरदुखीचे उपकार मी कसे फेडू?

मग तो वाईट दिवस आला. भट्टीच्या खोलीत जागा नव्हती म्हणून मास्तरांनी एका नर्सबाईंचा पांढरा एप्रन माझ्याखाली वाळत घातला. वारा आला, मी हललो, आणि एप्रनवर तपकिरी धूळ भुरभुरली. ती माझ्याच पाठीवरची होती.

मास्तरांनी एप्रन उजेडात धरला. मग ते शांतपणे म्हणाले, "आजवर याला डाग होता. आता हा डाग पाडायला लागला. लोकांचे कपडे आहेत, अगं. कचऱ्याची गाडी आली की देऊन टाक." ते ओरडले असते तर मला बरे वाटले असते.

बाईंचे डोळे भरून आले, पण एप्रन त्यांनीही पाहिला होता. "निदान भिंत घासून घेते, मग उतरवते," त्या कशाबशा म्हणाल्या. त्यांनी माझी पाने बाजूला सारली, खराटा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"अहो, इकडे या. आधी इकडे या!"

विटांच्या भेगांतून, त्या चपट्या तुकड्यांमधून, इवलीइवली पाने वर आली होती. काही उलगडली होती, काही अजून बाळाच्या मुठीसारखी मिटलेली होती. हुबेहूब माझीच पाने, फक्त बोटाएवढी.

"हे कोणी लावलं?" मास्तरांनी विचारले.

"कोण लावणार? जिथे तुमचा ब्रश पोचला नाही, बरोबर तिथेच उगवलीत बघा." बाईंनी मास्तरांच्या खांद्यावरचा नॅपकिन ओढून घेतला, माझ्या मागच्या पानाखाली धरला आणि पान हलकेच झटकले. नॅपकिनवर तपकिरी धूळ पडली. "हे डाग नाहीत हो. याला फूल नाही, फळ नाही, मग बी कुठे ठेवेल ते बिचारं? पाठीवर ठेवतं."

मास्तरांनी नॅपकिन सवयीने नाकाशी नेला. मग खाली केला. एप्रनवरची धूळ झटकायला घेतलेला ब्रश त्यांच्या दुसऱ्या हातात होता, तो त्यांनी मोरीच्या कठड्यावर ठेवला.

"म्हणजे इतके दिवस मी..." ते ओल्या फरशीवरच बसले. "पोरं धुऊन टाकली गं मी याची."

बाईंनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, मास्तरांना लाज वाटली ती न कळता केलेल्याची. माझी लाज त्याहून जड आहे. ब्रश त्यांचा होता, पण 'निघू दे' हे शब्द माझे होते. म्हणून तुम्हाला विनवतो. झाड आणाल तेव्हा आमच्यासारख्यांना उन्हातून आणि डबक्यातून वाचवा, हवा ओली राखा, मातीत बोट घालून बघा. आणि कोणाच्या पाठीवर काही वेगळे दिसले, तर चोळायला बसण्याआधी ते काय आहे, एवढे विचारा. ते तुमच्याच पाठीवर असेल, तर आधी स्वतःला विचारा.

मी आता पुन्हा पुढे, इस्त्रीच्या टेबलाजवळ टांगलेला असतो. मोरीतली पिल्ले काथ्यात रुजली आहेत आणि माझ्या शेजारी ओळीने लटकतात. एप्रन धुतला गेला. नॅपकिन मात्र धुतलेला नाही. मास्तरांच्या खांद्यावर आता दुसरा असतो आणि हा तपकिरी डागासकट टेबलामागे खिळ्याला असतो. परवा वकीलसाहेब आले, त्यांनी तो पाहिला आणि त्यांना चेव आला.

"काय मास्तर, तुमच्या नॅपकिनला डाग?"

दुकानात सगळे हसायच्या तयारीत थांबले. मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, वर माझ्याकडे पाहिले आणि माझे पान उलटून वकीलसाहेबांच्या पुढे धरले.

"डाग नाही, साहेब," ते म्हणाले. "याची लेकरं आहेत."