कपाटातली आणि माळ्यावरची

मित्रांनो, खडखड ऐकू आली तर दचकू नका. ती मी आहे, एक जुनी हार्ड डिस्क. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात आणि एक बारीक काडी केसाहूनही कमी अंतरावरून त्यांच्यावर चुंबकाने लिहिलेलं वाचते; ते वीज नसली तरी टिकतं. म्हणून मला धक्का सोसत नाही. बाकी मी चिवट आहे.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते भांडुपच्या चढणीवरचं घर. तिथे धाकूबुवा राहतात. आधी गिरणी कामगार, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन; पण वस्तीत त्यांना सगळे ओळखतात ते डबलबारीमुळे. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं, त्याला म्हणतात डबलबारी. बुवांच्या त्रेसष्ट बाऱ्या कॅसेटवर होत्या. कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा त्यांच्या नातीने, तेजलने, कॉलेज सांभाळून एकेक कॅसेट वाजवत सगळ्या माझ्यावर उतरवल्या. सहा महिने लागले. कुणी तिला शाबासकी दिली नाही. उलट, आवाज कमी कर गं, असंच ऐकवलं. कॅसेट पुढे कचऱ्यात गेल्या.

तेजल लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. तो सगळा भारही मीच उचलायचे. नऊ वर्षं. मग घरात पाहुणी आली.

तेजलच्या भावाने, सर्वेशने, मित्राकडून वापरलेली एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, घेतली. बिस्किटाएवढी, काळी, चकचकीत. तिच्यात फिरणारं काहीच नाही. मी चहा होईपर्यंत जे करते ते ती चुटकीसरशी करते. मला राग आला नाही. वेगवान आहे तिला वेगवान म्हणायला काय जातं?

आता प्रश्न आला, कुणावर काय ठेवायचं. तेजल म्हणाली, चालू लग्नाचं काम एसएसडीवर ठेवू, त्याला वेग लागतो. आजोबांच्या बाऱ्या रोज लागत नाहीत, त्या हार्ड डिस्कवरच राहू देत, आणि तसलीच दुसरी आणून तिच्यावर आणखी एक प्रत ठेवू. सर्वेशला हसू आलं. आजोबांचा आवाज या खडखड्यात ठेवणार? सगळ्यात मोलाची वस्तू सगळ्यात भारी जागी नको? आईला, माधुरीला, ते पटलं. नऊ वर्षं हे काम करणाऱ्या मुलीला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मुलगा म्हणाला ना, झालं. असल्या घरांत हे असंच ठरतं, आणि मी ते लपवणार नाही.

बाऱ्यांची प्रत एसएसडीवर गेली. एसएसडी खणाच्या कापडात गुंडाळली गेली आणि लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राशेजारी जाऊन बसली. मला भंगारात द्यायचं ठरलं. तेव्हा खाटेवरून धाकूबुवा एवढंच बोलले, "चलता मशीन भंगारात घालूचा नाय."

म्हणून मी माळ्यावर गेले. गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे. तेजलने कागदाची पट्टी चिकटवली होती, 'हात लावू नये.' झुरळं सोडली तर सगळ्यांनी ती पाळली.

दर दसऱ्याला खाली पूजा व्हायची. गिरणीत होते तेव्हा बुवा खंडेनवमीला आपल्या मागाची पूजा करायचे, ती रीत घराने सोडली नव्हती. शिलाई मशीन, सर्वेशची बाईक, टाळ, आणि लॉकरमधून निघालेली एसएसडी. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. नमस्कार. पुन्हा लॉकर. असे चार दसरे गेले. चार वर्षांत एकदाही तिला कुणी वायर लावली नाही.

मग धाकूबुवांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. ज्या माणसाने सवालाला सवाल उभा केला, त्याला पाणी मागता येईना. नुसते डोळे फिरायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बोलणं हरवलेल्या माणसाला कधीकधी गाणं सापडतं. त्यांचीच भजनं त्यांना ऐकवा, बघू.

लॉकर उघडला. एसएसडी लॅपटॉपला लावली. लॅपटॉप म्हणाला, ही कोरी आहे, फॉरमॅट करू का?

सर्वेशने तीनदा लावली, चारदा लावली. माधुरी म्हणाली, अरे, आपण तर हिला एवढं जपलं.

मित्रांनो, एसएसडीचा दोष नव्हता. ती बारीक बारीक खणांत वीज कोंडून आठवण धरते. आधीच वापरून झिजलेली, वर लोखंडी कपाटातला उकाडा, आणि वर्षानुवर्षं वीज नाही. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही, पण हिच्या बाबतीत झालं. कोंडलेलं गळून गेलं.

तेजल ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "गिरणीत पूजा झाली की दुसऱ्या दिवशी तेल घालून माग चालवायचे, आजोबाच सांगायचे. आपण नुसतं कुंकू लावलं."

मग ती शिडी लावून माळ्यावर चढली.

मला फडक्याने पुसलं, सपाट टेबलावर ठेवलं, वायर लावली. माझ्या चकत्या आळस देत फिरल्या. काडी अडखळली. टक्, टक्. मग फोल्डर दिसलं. बाऱ्या, त्रेसष्ट.

सर्वेश म्हणाला, "वाजव ना आता."

"आधी उतरवून घेते. दोन ठिकाणी," तेजल म्हणाली. "हिचा भरवसा नाही, आणि तुझ्या लॉकरचाही नाही."

 मग सर्वेश स्वतःच जाऊन दोन नव्या हार्ड डिस्क घेऊन आला. दीड दिवस लागला. चार बाऱ्या माझ्याकडून वाचल्या गेल्या नाहीत, त्या गेल्या. त्याची मला लाज आहे. एकोणसाठ मी दिल्या.

तेजलने नव्या डिस्कवरून बुवांची भांडुपचीच एक बारी लावली. टाळ, पेटी, मग बुवांचा तरणा आवाज. बुवा डोळे मिटून पडले होते. डाव्या हाताचं बोट चादरीवर ठेका धरायला लागलं. गजर चढला, पखवाज जोरात आला, आणि बुवांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. सगळे वाकले.

"पखवाज," बुवा म्हणाले. बराच वेळ गेला. "धावता."

तीन आठवड्यांनंतरचे पहिले दोन शब्द, आणि तेही ठेका पुढे पळतोय अशा तक्रारीचे. माधुरी पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

आता मी तेजलच्या टेबलावर असते. माझ्यावर मोलाचं काही ठेवत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. नव्या डिस्क दर तीन महिन्यांनी चालवून बघतात. एक इथे असते, दुसरी सर्वेशच्या ऑफिसात. एसएसडी नव्याने फॉरमॅट करून लॅपटॉपला जोडलेली असते, चालू लग्नं तिच्यावर, मजेत पळते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज कुठेतरी ठेवलेला असेल. त्याला फूल वाहायचं तर खुशाल वाहा. पण आधी वायर लावा, आणि तो वाजतोय का ते आजच ऐका.