चाकांवरची खोली

सूर्यभान मास्तरांनी प्रवासाचा आराखडा शाळेतल्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहिला होता. चौतीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाचे ते अक्षर. ओळ तसूभरही कलत नव्हती. प्रस्थान वैशाख वद्य पंचमीस, सूर्योदयानंतर. मुक्काम मुळा धरणाच्या फुगवट्यावर, पुंजारामच्या वस्तीशेजारी, तीन रात्री. गळ चार. शेगडी एक. पिण्याचे पाणी टाकीभर. आणि पानाच्या तळाशी, दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य : ‘कानिफला खोलीबाहेर यावे लागू नये, अशी व्यवस्था.’

सगळा आराखडा त्या एका वाक्यासाठी होता. मास्तरांचा एकुलता एक मुलगा कानिफनाथ, वय वर्षे अठ्ठावीस, सव्वादोन वर्षांपासून आपल्या खोलीबाहेर पडला नव्हता.

त्या माघ महिन्यात कांद्याच्या गोण्या भरून तो राहुरीकडे निघाला होता. तिन्हीसांजेला टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. चारचौघे करतात तेच त्यानेही केले. मागे चार दगड मांडले, लिंबाची फांदी टाकली आणि तो मिस्त्री बोलवायला गेला. परतला तेव्हा रस्त्यावर माणसे जमली होती. एक तरुण दुचाकीसह टेम्पोच्या मागच्या लोखंडी पट्ट्यावर आदळला होता, आणि त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. न्यायालयाने अद्याप निकाल दिला नव्हता; तारखांना वकीलच हजर राही. कानिफने मात्र जामिनावर घरी आला त्याच रात्री स्वतःला शिक्षा सुनावली आणि दाराला आतून कडी घातली.

आरंभी आप्तेष्ट येत, दारापाशी बसून समजावत. पुढे तेही थांबले. आई सत्यशीलाबाई दोन वेळा ताट उंबऱ्याशी ठेवीत आणि आतून ओढल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभ्या राहत. पूर्वी चार भाकरी खाणाऱ्या मुलाच्या ताटातून आताशा अर्धी परत येई, कधी पाऊण. गेल्या पौषात त्यांनी घरातला विहिरीचा दोर, वाळवणीची तार आणि फवारणीची बाटली शेजारच्या वस्तीवर नेऊन ठेवली. मास्तरांनी कारण विचारले नाही. विचारले असते तर ते उच्चारावे लागले असते.

उपाय मात्र मास्तरांनाच सुचला. कानिफ लहान असताना मे महिन्याच्या सुटीत बापलेक सायकलवरून फुगवट्यावर जात आणि मास्तरांचा मासेमार मित्र पुंजाराम याच्या वस्तीवर उतरत. सत्यशीलाबाईंना मासळीचा वासही सहन होत नसे. म्हणून सुटीचे ते तीन दिवस बापलेकाचे खास असत. गळाला रोहू लागला की पोर जे हसायचे, ते हसू मास्तरांनी त्यानंतर कुठेही पाहिले नव्हते. कानिफ खोली सोडत नाही, ठीक. मग खोलीच त्याला घेऊन पाण्याकडे जाईल. विलंब परवडणारा नव्हता. वळवाचा एक जरी पाऊस झाला, तरी काठची काळी माती चाके गिळून टाकते.

अंगणात टेम्पो होताच. पोलिसांकडून परत मिळाल्यापासून तो ताडपत्रीखाली उभा होता. मास्तरांनी तो ओढून तालुक्याला नेला आणि बॉडी बांधणाऱ्या कारागिरासमोर खोलीचे माप ठेवले. मुलगा आत घेत नसल्यामुळे ते भिंतीबाहेरून विटा मोजून काढले होते. पलंग पूर्वेकडच्या भिंतीला. खिडकी तेवढ्याच उंचीवर, जाळीसकट. भिंतींना तोच फिका हिरवा रंग. सदरा अडकवायची खुंटी दाराच्या उजव्या हाताला, लागून असलेले न्हाणीघरही तसेच. परिवहन कार्यालयाच्या अर्जात ‘वाहनात बदल करण्याचे प्रयोजन’ असा एक रकाना होता. आयुष्यात कधी असत्य न लिहिलेले मास्तर त्या रकान्यापाशी बराच वेळ थबकले. मग त्यांनी लिहिले, ‘कौटुंबिक सहल.’

रोज सायंकाळी ते बंद दाराशी पाट मांडून बसत आणि त्या दिवसाची प्रगती वाचून दाखवीत.

“कानिफ, आज पंखा बसला. तुझ्या खोलीतल्यासारखाच, जरा लहान.”

त्यांनी पान उलटले.

“पुंजाराम म्हणतो, यंदा पाणी बरेच मागे हटले आहे. वडाच्या झाडापलीकडे गाडी उभी करू. दार उघडलेस की पाणी. नाही उघडलेस, तरी खिडकीतून दिसेल.”

अशा अकरा संध्याकाळी गेल्या. बाराव्या दिवशी मास्तर थकले होते. हजेरीपट मिटता मिटता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमिष काय न्यावे, हे काही ठरत नाही. कणकेचे गोळे करायला तुझ्या आईला सांगू, की—”

“गांडूळ,” आतून आवाज आला.

चार महिन्यांतला तो पहिला शब्द. मास्तर पाटावरून उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, आणि पत्नीला सांगण्याऐवजी चौकट धरून नुसते उभे राहिले. सत्यशीलाबाईंनी ऐकले होते. हातातले उलथणे तसेच धरून त्या म्हणाल्या, “नीट ऐकलंत ना? गांडूळ म्हणाला?”

“गांडूळ म्हणाला.”

“मग आणा की हो गांडुळं! बघत काय बसलात?” आणि बोलता बोलता त्यांना रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारातून गळाचे साहित्य घेऊन आले. पिशवीतून नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे निघाले, तशा सत्यशीलाबाई जागच्या उठल्या.

“हे काय आणलंत?”

“गळाची दोरी.”

“या घरात दोरी आणलीत?”

मास्तरांच्या हातून पिशवी गळाली. सत्यशीलाबाईंनी ते भेंडोळे पदराखाली घेतले आणि भर उन्हात, अनवाणी, शेतांमधली पांद ओलांडून त्या शेजारच्या वस्तीवर गेल्या. परतल्यावर एवढेच म्हणाल्या, “पुंजारामभावजींना बोलवा. तेच नेतील. पाण्यावर गेल्यावर बघू.”

निघण्याच्या आदल्या दिवशी पुंजाराम आला. मास्तरांहून तो दोन वर्षांनी लहान. पाण्यावर जन्मलेला आणि पाण्यावरच पिकलेला माणूस. मुहूर्ताआधी किल्ली फिरवायची नाही म्हणून ट्रॅक्टरने ओढून अंगणात नुकतीच आणून उभी केलेली ती हिरवी-पांढरी गाडी त्याने आतून पाहिली, पलंगावर बसून पाहिले, नळ उघडला.

“मास्तर, ह्यो बंगला हाय. आमच्या कारभारनीला दावू नका, न्हाईतर ती मला सोडून हितंच ऱ्हाईल.”

मास्तर कितीतरी दिवसांनी हसले. पुंजाराम खाली उतरला, गाडीभोवती फिरला आणि मागच्या बाजूला जाऊन थांबला. त्याचा चेहरा उतरला.

“मास्तर, ह्यो त्योच टेम्पो हाय न्हवं?”

“रंग बदलला आहे. आतून बाहेरून सगळा नवा केला. मागचा पोचासुद्धा ठोकून काढला.”

“त्याला सांगितलंय?”

“नाही. त्याच्या खिडकीतून अंगण दिसत नाही.”

“दुसरी गाडी घ्यायची हुती, मास्तर.”

“पुंजाराम, लोखंडाला पाप लागत नाही. अशुद्ध झालेले भांडे आपण फेकून देत नाही, घासून अग्नीत धरतो. ज्या गाडीने त्याची झोप नेली, तिच्यातच त्याला झोप लागली, तर ती गाडीही शुद्ध होईल आणि तोही.”

“लोखंडाला लागत न्हाई, खरं हाय. डोळ्याला लागतं,” पुंजाराम म्हणाला. “तुमी शिकलेले. मी आपला गळ टाकणारा. पन ही गोष्ट मला न्हाई पटली.” शेजारच्या वस्तीवरून दोरीचे भेंडोळे घ्यायला तो निघाला. “सकाळी वडाखाली वाट बघतो.”

पंचमीचा सूर्य उगवला. मास्तरांनी चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ वाढवला, आणि ट्रॅक्टरने गाडी ओट्याला अशी समांतर ओढून घेतली की गाडीचे दार आणि कानिफचे दार समोरासमोर यावे. मध्ये एक फळी टाकली. तीन पावले होती.

“कानिफ, निघायचे ना?”

सत्यशीलाबाई तुळशीपाशी डोळे मिटून उभ्या होत्या. मास्तरांनी फळी दाबून धरली होती. मग कडी वाजली.

दारात उभा राहिलेला माणूस त्यांच्या स्मरणातला नव्हता. केस खांद्यापर्यंत वाढलेले, त्वचा गव्हाच्या पिठासारखी, डोळे उजेडापुढे चिमटलेले. खाली पाहतच त्याने तीन पावले टाकली. आत जाऊन पलंगावर बसला. हिरव्या भिंतीवर तळवा ठेवला, खिडकीच्या जाळीवरून बोट फिरवले, आणि अगदी हळू म्हणाला, “खुंटी पन लावली, आबा?”

मास्तर धावतच चालकाच्या जागेवर गेले. सत्यशीलाबाई हातात डबे घेऊन पायरीशी आल्या. मास्तरांनी किल्ली फिरवली.

गाडीला रंग देता येतो, भिंती देता येतात. आवाज मात्र कोणत्याही कारागिराला बदलता येत नाही. चार वर्षे जी गाडी कानिफने रात्रंदिवस चालवली, तिचा पहिला खोकला, मग ती धाप, मग ती एकसुरी घरघर तो झोपेतही ओळखला असता. हे मास्तरांच्या ध्यानात आले तेव्हा मागून आवाज येऊन चुकला होता.

“थांबा! आबा, बंद करा! बंद करा ती!”

मास्तरांनी इंजिन बंद केले. कानिफ उडी टाकून उतरला, फळीला अडखळला, आणि सत्यशीलाबाईंना वाटले, संपले सारे. आता ते दार पुन्हा लागणार, ते कायमचेच. परंतु तो दाराकडे वळला नाही. तो गाडीच्या मागे गेला. पट्ट्यापाशी गुडघ्यांवर बसून तो लोखंड चाचपू लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा, आंधळ्यासारखा.

“हितला पोचा कुठाय?”

“काढला, बाळा. सगळे सरळ करून घेतले.”

“कुणी सांगितलं हुतं?” तो ओरडला. इतक्या दिवसांच्या मौनाने गंजलेला तो आवाज मध्येच फाटला. “कुणी सांगितलं सरळ करायला? तेवढीच खूण ऱ्हायली हुती त्याची! ती बी पुसून टाकली?”

आपण काय केले, हे त्या क्षणी मास्तरांना दिसले. भांडे घासता घासता त्यांनी त्या दुसऱ्या मुलाला पुसून काढले होते. सव्वादोन वर्षांत या घरात त्याचे नाव कोणी घेतले नव्हते. कानिफच्या जिवाला लागू नये म्हणून, असे मास्तर समजत आले होते.

ते मुलाशेजारी मातीत बसले. धोतर मळले, त्याची त्यांना शुद्ध नव्हती.

“चूक झाली, कानिफ. माझीच.”

कानिफने कपाळ लोखंडाला टेकवले होते. तो तसाच पुटपुटला, “त्याच्या घरी कोन हाय?”

“आई आहे. मरियाबाई. एक बहीण, एस्तेर, नर्सिंगला आहे. वडील पूर्वीच गेले. गेला त्याचे नाव जोशुआ. श्रीरामपुरात मिशनच्या जुन्या चाळीत राहतात.”

कानिफने मान वळवून प्रथमच बापाकडे पाहिले. “तुमाला कसं ठाऊक?”

मास्तरांनी पत्नीकडे पाहिले. हे तिलाही ठाऊक नव्हते. “गेलो होतो. दोनदा.”

“मंग? काय म्हन्ले ते?”

“काही नाही. मी दारापर्यंतच गेलो. आत कोणी तरी भांडी घासत होते. दार वाजवायला हात उचलला आणि... नाही वाजवता आले. दुसऱ्यांदाही नाही. एस.टी.त बसून परत आलो.”

ऊन ओट्यावरून खाली उतरून त्यांच्या पाठीवर आले. मग कानिफच्या तोंडून एक कोरडा, चमत्कारिक आवाज निघाला. हसू म्हणावे तर हसू, हुंदका म्हणावा तर हुंदका.

“मंग ही खोली तुमालाच पायजे, आबा. मला कशापायी बांधली?”

मास्तरांनी मान खाली घातली.

सत्यशीलाबाईंनी डबे खाली ठेवले. दोघांपासून हातभर अंतरावर त्याही जमिनीवर बसल्या. ओट्यावर कानिफच्या खोलीचे दार सताड उघडे होते. आतला काळोख इथून दिसत होता. उठून ते दार ओढून घ्यावे, कुलूप घालावे, अशी तीव्र इच्छा त्यांच्या हातांत दाटून आली. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. उठायचे तर त्याने उठावे. जायचे तर त्याने जावे. कुठे, हे विचारण्याचे धैर्य तिघांपैकी कोणातच नव्हते.

मास्तरांच्या खिशातला मोबाईल वाजला. पुंजारामच होता; पाण्यावरचा वारा फोनमध्ये घुसत होता.

“मास्तर, ऊन वर आलं की! निघालात का न्हाई?”

“नाही. अजून अंगणातच आहोत.”

पुंजारामचा आवाज बारीक झाला. “अंगनात कोन कोन हाय?”

मास्तरांनी शेजारी पाहिले. कानिफ उन्हाकडे डोळे किलकिले करून बसला होता, पाठ लोखंडाला टेकून.

“तिघेही,” ते म्हणाले.