चंदनसारचे दोन डबे

चंदनसारच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी रिद्धीबरोबर गेले ती मोठाच कॉम्प्युटर घ्यायचा असं ठरवून. माझी पोरगी इमारतींची थ्रीडी चित्रं करते. पुण्याची कंपनी सध्या घरून काम देते, पुढे तिकडे बोलावेल म्हणे. मला ती आमच्या वटार गावच्या घरातच हवी, लपवायचं कशाला? मोठं धूड एकदा माडीवर चढवलं की ते हलणार नाही आणि पोरगीही हलणार नाही, असा माझा साधा हिशोब.

दुकानदार शत्रुघ्न कंपन्यांनी काढून टाकलेले वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचे कॉम्प्युटर विकतो. त्याने एक मोठा, एक लहान असे दोन समोर मांडून त्यांची टेस्ट चालू केली.

"काकी, मोठ्यात रॅम वाढवा, डिस्क वाढवा, उद्या तगडं ग्राफिक्स कार्डही बसेल," तो म्हणाला. "लहान आज तेवढाच फास्ट आहे, पण त्यात मोठं कार्ड कधीच बसणार नाही. आत जागाच नाही."

"बघ," मी रिद्धीला म्हटलं. आम्ही वाडीवाले, नारळ असो की कोबी, हातात तोलल्याशिवाय घेत नाही. मी मोठा उचलला. मागची वायर निसटली आणि स्क्रीन काळा.

"काकी, टेस्ट चालू होती," शत्रुघ्नने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"आई, धन्य आहेस तू," रिद्धी हसली. टेस्ट होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो.

"चांगला जड आहे," मी म्हटलं. "लहानात कार्ड बसत नाही, ऐकलंस ना?"

"चालेल गं. मोठं काम असलं की तिकडे ऑफिसात मशीन आहेच." एवढं बोलली आणि तिने मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"पुण्याला बोलावलंय?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. "दिवाळीनंतर. पण मी नाही म्हणून कळवते. मोठाच घेऊया, तुला पटलाय तर."

म्हणजे जिंकले की मी. पण तिचा चेहरा बघवेना. न विकलेली भाजी परत घरी आणताना माझा व्हायचा, अगदी तसा. मला रागच आला, तिचा नाही, माझा.

टेस्ट संपली. "मग काकी, मोठा बांधू?" शत्रुघ्नने विचारलं.

"नको, लहान दे," मी म्हटलं. "आणि पाठीवरची एक चांगली बॅग बघ. पुण्याला न्यायचाय."